छतावरच्या चुली

छतावर धुण्याच्या खोल्या आठ. त्यांतल्या सहांत माणसं राहतात, एकीत पाण्याच्या टाक्या आहेत, एकीला छप्परच नाही. डिश अँटेना एकोणीस, चालू अकरा. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या चौदा. कोंबड्या तीन. माणसं सत्तावीस; दुसऱ्यांदा मोजली तेव्हा सव्वीस भरली, कारण एक मुलगी तोवर पाव आणायला खाली गेली होती. शेगड्या सहा. गॅसचे सिलिंडर सहा. यादीत कुटुंबं पाच.

सहा आणि पाच यांतला फरक कुठून आला, ते शोधायला मला नगरपालिकेने पाठवलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकले आणि मग घरवाटप विभागात करारावर लागले. त्याला अकरा महिने झाले होते. तक्रार अर्ज हूरिया नावाच्या विधवा बाईचा होता. फेरतपासणीच्या कागदावर तीन सह्या लागतात : एक माझी, एक निवडून आलेल्या सदस्याची आणि एक इमारतीच्या समितीची. सदस्य होते सी लखदर; 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'. समितीची प्रमुख होती चौथ्या मजल्यावरची तसादित; सगळी इमारत तिला खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणते.

आमच्या अल्जियर्समधल्या बहुतेक जुन्या इमारतींसारखीच या इमारतीचीही लिफ्ट माझ्या जन्माआधीच बंद पडलेली. पायऱ्या एकशे अठरा. सोमवारी सकाळी आम्ही तिघं चढत होतो.

"काय सी लखदर, धाप लागली? निवडणुकीत तर एका दमात वर येता," खाल्ती म्हणाली.

"तेव्हा तुम्ही दर मजल्यावर कॉफी पाजता, खाल्ती."

"मी नाही पाजली. पाजली असती तर माझं काम झालं असतं."

तिचं काम काय ते मला कागदावरून ठाऊक होतं. या फेरीत इमारतीच्या वाट्याला नवी घरं सहा आली होती. नियम असा की आधी छतावरची कुटुंबं. उरलं तर खालच्या मजल्यांवर दाटीवाटीत राहणाऱ्यांना. छतावर पाच कुटुंबं, म्हणजे एक घर उरतं. खालच्या रांगेत पहिलं नाव खाल्ती तसादितच्या मुलाचं होतं. हूरियाचं कुटुंब वेगळं ठरलं की ते घर गेलं.

असं असताना हिची सही कशी काय चालते, हे मी सी लखदरना ऑफिसातच विचारलं होतं. ते म्हणाले, "नरिमान, पोरी, ज्याचा काही संबंध नाही असा माणूस सहा मजले चढत नाही."

पाचव्या मजल्यावर दोघांची पुन्हा जुंपली.

"सरकारनं बांधलेली घरं आहेत," सी लखदर म्हणाले. "ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे, त्याला आधी. यात वाद कसला?"

"हाच वाद. माझ्या दोन खोल्यांत नऊ माणसं. थोरला आणि सून स्वयंपाकघरात झोपतात. रात्री कूस बदलली की पाय फ्रिजला लागतात. बावीस वर्षं अर्ज देऊन गप्प बसले मी. तेव्हाच छतावर जाऊन पत्रा ठोकला असता तर सुटले असते. तुम्ही गरज बघून घर देत नाही, पत्रा बघून देता. म्हणून तर पत्रे वाढतात."

"मग काय, पत्र्याखाली सडू द्यायचं?"

"भाड्याला हातभार लावा. नाहीतर जमिनीचे तुकडे द्या, लोक आपापलं बांधतील. साठ वर्षं तुम्हीच बांधणार, तुम्हीच वाटणार, तुम्हीच मोजणार. आणि मोजताही येत नाही, म्हणून ही पोर आणलीत."

"भाड्याला हातभार लावला की घरमालक भाडं वाढवतो. आणि जमीन? शहरात कुठे आहे जमीन? तुमच्या ओट्याखाली?"

"शहरात नाही हे मलाही कळतं. तुम्ही देताय ती घरं तरी शहरात कुठे आहेत? दोन बस बदलून जावं लागतं."

मला दोघांचंही म्हणणं पटत होतं. गेल्या दहा वर्षांत किती घरं वाटली आणि किती नवे पत्रे उभे राहिले, याचा आलेख माझ्याकडे होता. दोन्ही रेघा वर जात होत्या. पण कोणती कोणामुळे, ते आलेखावरून सांगता येत नव्हतं.

हूरियाची खोली तीन मीटर दहा बाय दोन मीटर साठ. ती शिवणकाम करते. मुली दोन, चौदा आणि अकरा वर्षांच्या. शेजारच्या खोलीत तिचा दीर अमार, त्याची बायको सलीहा आणि चार मुलं. यादीत हे नऊजण मिळून एक कुटुंब होतं, अमारच्या नावावर.

"भाऊजी भला माणूस आहे," हूरिया म्हणाली. "त्यानं स्वतःच सांगितलं, वहिनी, अर्ज कर. पण घराच्या कागदावर नाव त्याचं लागणार. उद्या त्याच्या मुलाचं लग्न होईल, सून येईल. मग मी आणि माझ्या पोरी कुठे जायचं? परत छतावर? तोवर छतावरच्या या खोल्याही पाडलेल्या असतील."

कुटुंब कशाला म्हणायचं, याबद्दल विभागाची सूचना एका ओळीची आहे : ज्यांची चूल एक, ते कुटुंब एक. चूल बघूनच लिहायचं, सांगण्यावर जायचं नाही. आधी मोजायला आलेल्या माणसाने चूल बघितली होती. फक्त तो रमजानात आला होता, रोजा सुटायच्या वीस मिनिटं आधी.

"मोठं पातेलं माझ्याकडे होतं," सलीहा दारातून म्हणाली. "हूरियाची शेगडी थंड. त्यानं विचारलं, सगळे इथेच जेवता? मी म्हटलं, हो, तूही बस. बिचारा दिवसभर जिने चढून अर्धमेला झाला होता. दोन वाडगे चोर्बा प्यायला, सूप पोटात गेल्यावर जरा सावरला, दुवा दिली आणि आम्हाला एक कुटुंब लिहून गेला."

"म्हणजे चोर्बा एकत्रच होता," खाल्ती म्हणाली. "सगळ्या इमारतीला ठाऊक आहे."

हूरिया तिच्याकडे वळली. "खाल्ती, नवरा गेलेल्या बाईनं दोन पोरींना घेऊन एकटीनं रोजा सोडायचा? मी तसं केलं असतं तर तूच आली असतीस मला हाताला धरून न्यायला."

"आले असते," खाल्ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पण रमजान सोडून एरवी ती वेगळी शिजवते हे कशावरून? आज शेगडी पेटवून दाखवेल. कागद आला की कोणीही पेटवेल."

मुद्दा बरोबर होता. एकदा बघून काही सिद्ध होत नाही. मी सिलिंडरकडे बघत होते. गॅस जळला की वजन कमी होतं, आणि किती कमी होतं ते किती माणसांचं शिजतं त्यावर ठरतं. तळमजल्यावरच्या भाजीवाल्याकडे चाळीस किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मी सुचवलं : आज दोघींचे सिलिंडर तोलू, गुरुवारी सकाळी पुन्हा तोलू. गुरुवारी दुपारी यादी बंद होणार होती.

"आणि ती दिवसभर नुसतीच शेगडी जाळत बसली तर?" खाल्तीने विचारलं.

"मग माणशी आकडा सलीहाबाईंपेक्षा बराच जास्त येईल. आपल्याला कळेल."

खाल्तीने बोटांवर हिशेब केला. "आमच्याकडे नळाचा गॅस यायच्या आधी मी एकोणीस वर्षं सिलिंडरवर रांधलंय," ती म्हणाली. "तीन बाया, तीन दिवस, कसऱ्याच्या रोट्या घरी भाजत असतील तर अर्ध्या किलोच्या वर, पाऊण किलोच्या आत. लिही."

मी लिहिलं. तिला त्याखाली सही करायला सांगितलं, तीही तिने केली.

ईदनंतरचे सहा रोजे कोणाचे राहिलेत का, ते मी विचारून घेतलं. दोघींचे शनिवारीच संपले होते. सी लखदरनी काटा खांद्यावरून वर आणला आणि वाटेत दोनदा टेकवला. काट्यावर आधी पाच किलो बटाट्यांची पिशवी ठेवून बघितली. काटा चार किलो नऊशे साठ म्हणाला. खाल्ती म्हणाली, चूक काट्याची नाही, भाजीवाल्याची आहे, आणि पिशवी घेऊन खाली गेली. परत आली ती दगडी वजन घेऊन. तेव्हा काटा बरोबर निघाला.

हूरियाचा सिलिंडर : १९.८४ किलो. अमारचा : २२.३१. मी सिलिंडरचे नंबर उतरवून घेतले. नळी परत जोडल्यावर खाल्तीने सुनेचं लाल नेलपॉलिश मागवलं आणि दोन्ही जोडांवर स्वतः एकेक रेघ ओढली, म्हणजे कोणी उघडलं तर रेघ तुटेल. हे मला सुचलं नव्हतं.

"मी काय करू मग?" हूरियाने विचारलं. "जास्त रांधू?"

"रोज करता तेवढंच."

"रोज करते ते कोणी तोललेलं नव्हतं गं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

बुधवारी दुपारी मी रेघा बघायला गेले. चौथ्या मजल्यावर दार उघडं होतं आणि उकडलेल्या गव्हाचा वास जिन्यात येत होता. खाल्तीच्या नातवाला पहिला दात आला होता. बाळाला दात आला की गहू आणि हरभरे एकत्र उकडून शेजारीपाजारी प्रत्येक दारात द्यायचे असतात. एकही दार वगळायचं नसतं, नाहीतर बाळाचे दात वाकडे येतात म्हणे. सून वाडगे भरत होती. ओट्यावर रांग लागली होती.

"बरं झालं आलीस," खाल्ती म्हणाली. "एक सांग. हे मी आत्ता हूरियाला दिलं, तर ती संध्याकाळी शेगडी पेटवेल?"

मी विचार केला. वाडगे मोठे होते. "बहुतेक नाही."

"आणि सलीहाकडे सहा माणसं. त्यांना वाडगाभरानं काय होणार, ती पेटवणारच."

"हो."

"म्हणजे हिचाच आकडा पडेल."

"पडेल. शंभर-दीडशे ग्रॅम. अर्ध्या किलोच्या खाली जाईल."

सून वाडगे भरायची थांबली होती. तिच्या कडेवर तो दातवाला होता, आणि तिच्यामागे, फ्रिजच्या बाजूला, गुंडाळून उभी केलेली गादी.

"द्यायला तर हवंच ना, आई," सून हळूच म्हणाली. "बाळाचं आहे. एक दार वगळून कसं चालेल?"

तिने चुकीचं काही सुचवलं नव्हतं. वाडगा पाठवला असता तर कोणी बोटही दाखवलं नसतं. मलाही तक्रार करता आली नसती.

खाल्तीने रांगेतले दोन वाडगे उचलले, त्यांवर ताटल्या झाकल्या आणि फ्रिजमध्ये सारले.

"छतावरचे ते दोन उद्या जातील," ती म्हणाली. "काट्यानंतर. दात एका दिवसात वाकडा होत नाही."

सुनेने उरलेले वाडगे ट्रेमध्ये ठेवले. मीही एक वाडगा तिथेच उभ्याने खाल्ला आणि वर जाऊन रेघा तपासल्या. दोन्ही शाबूत होत्या.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आम्ही सगळे छतावर होतो. सी लखदर आज काटा उचलायला पुतण्याला घेऊन आले होते. ते खाल्तीला म्हणाले, "पुढच्या फेरीत तुमच्या थोरल्याचं मी स्वतः बघतो."

"पुढच्या फेरीत तुम्ही निवडून आलेले असाल का, ते आधी बघा."

"म्हणजे तुमचं मत नाही मला?"

"मत तुम्हालाच देईन. तुमचं ऐकायचं नाही, एवढंच."

रेघा तिनेच तपासल्या, वाकून, चष्मा कपाळावर सरकवून. आधी अमारचा सिलिंडर काट्यावर चढवला. मग हूरियाचा. हूरियाने मुलींना शाळेत पाठवलं नव्हतं. तिघी दारात उभ्या होत्या. आकडा हलत होता, वाऱ्यामुळे. मी वही घेऊन वाट बघत होते.

"मी वाचते," खाल्ती म्हणाली. "एकोणीस किलो, दोनशे सत्तर."

मी वजाबाकी केली. तिने ती तपासली, पेन मागितलं आणि तिसऱ्या रकान्यात सही केली. मग सुनेला जिन्यातून हाक मारून वाडगे वर आणायला सांगितलं.

अमार : सहा माणसं, तीन दिवस, १०९० ग्रॅम, माणशी रोज ६१.

हूरिया : तीन माणसं, तीन दिवस, ५७० ग्रॅम, माणशी रोज ६३.

छतावर कुटुंबं सहा. घरं सहा. खालच्या मजल्यांसाठी शिल्लक शून्य.