मोतीबाईचा हातगुण

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीसाठी रुपाच्या पोटावर गार मलम लावलं, तशी ती शहारली. सासूचा, मोतीबाईचा हात सवयीनं पुढं गेला आणि अर्ध्यातूनच मागं फिरला. तीन आठवडे तिनं सुनेला हात लावला नव्हता.

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर मोतीबाईच्या हातगुणाचं भारी कौतुक. पोटात आडवं असलेलं लेकरू तेल लावून, चोळून सरळ करावं तर तिनंच. सातव्या महिन्यात रुपाचंही आडवं लागलं, तेव्हा तिनं ते तसंच फिरवलं. पंधराच दिवसांनी इथे नांदेडला सोनोग्राफीत कळलं, की पोटातल्या बाळाच्या मेंदूत रक्त साकळलंय. तीन आठवड्यांनी पुन्हा पाहू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते दिवस कसे गेले, हे मोतीबाईचं तिलाच ठाऊक. आपल्याच हातांनी घात केला, हे तिच्या मनानं पक्कं धरलं होतं. तोंडातून मात्र चकार शब्द काढला नव्हता.

"पोटाला काही मार लागला होता का? आठवून सांगा," डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"विहिरीवर घसरले होते," रुपा झटकन म्हणाली.

मोतीबाई चमकली. पाचव्या महिन्यापासून तिनं सुनेला घागर उचलू दिली नव्हती. पोरगी धडधडीत खोटं बोलत होती आणि कुणासाठी, तेही उघड होतं.

"न्हाई बाई. पाणी मीच आणते," ती म्हणाली. "म्या चोळलं पोट. लेकरू आडवं होतं, फिरवलं."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे पाहिलं.

"चोळणं बंद, आजी. कायमचं. पण हे त्यानंच झालं, असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा कारण सापडतच नाही." मग त्यांनी पडदा वळवला. "हे बघा. डाग निम्मा झालाय. डोक्यात पाणीही साठलेलं नाही. जन्मल्यावर पुन्हा तपासू, पण आज काळजीपेक्षा आशा जास्त आहे. बाळंतपण मात्र दवाखान्यातच करायचं."

मोतीबाई तोंडाला पदर लावून रडली.

बाहेर थांबलेला सुदाम, रुपाचा नवरा, बातमी ऐकून एसटीडी बूथकडे धावला. दोघी बाकावर टेकल्या.

"काहून खोटं बोललीस?"

"तुमी जवळच येईना झाल्या," रुपा म्हणाली. "म्हणलं, दोष माझ्यावर घेतला तर तरी याल. कळा येतील तवा म्या कुणाचा हात धरू?"

मोतीबाई तिच्याजवळ सरकली.

"बाळंतपणाला आत घेतील का मला?"

"इचारून येते," म्हणत रुपा उठू लागली.

"तू बस." मोतीबाईनं तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि स्वतःच जाऊन डॉक्टरीणबाईंचं दार वाजवलं.