आबांचे काळे बूट

आबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. आबांना शुगर आहे. डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत फरक नाही पडला तर अंगठा काढावा लागेल." आबा म्हणाले, "बराबर आहे, साहेब." माझ्या आजोबांनी डॉक्टरांना आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही.

आष्टीहून त्यांना जालन्याला न्यायचं काम माझ्याकडे. मला सुट्ट्या होत्या आणि दवाखान्यात बोलायची मला लाज वाटत नाही.

सोमवारी जखम तशीच होती. डॉक्टरांना वाटलं, आबा चोरून भात खातात. आहाराच्या मॅडमना वाटलं, पट्टी भिजली. पट्टी बांधणाऱ्या अक्षता सिस्टर म्हणाल्या, फार चालवलंय. रोज चालायला लावणारे राजानंद सर म्हणाले, चालतच नसतील. चार खोल्या, चार मतं. आबा चारही खोल्यांत "बराबर आहे" म्हणाले.

मी बाहेर येऊन बसले. वंदनामावशी फरशी पुसून दारातल्या चपला सरळ लावत होत्या.

"पोरी, हे काळे बूट कोणाचे?"

"आमच्या आबांचे. काकाच्या लग्नातले."

"डाव्यात आतून रक्ताचा डाग हाय. दर खेपेला दिसतो."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"मला कोण विचारतंय, बाई!"

मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "सरांनी सांगितलं, अनवाणी फिरू नका. मंग रोज बूट घालूनच चालतो. अन् डॉक्टरकडं काय चपलीवर यायचं?"

"टोचत न्हाई का?"

"बोटाला काही कळतच न्हाई, तर टोचंल कशाला?"

मी बूट उचलला आणि डॉक्टरांच्या टेबलावर, फाईलवर ठेवला. मग उरलेल्या तिघांना बोलावलं. मावशींनाही. डॉक्टरांनी बुटात हात घातला, मग सिस्टरनी, मग सरांनी. अंगठ्याच्या जागी आतली कडक शिवण टोचत होती. आहाराच्या मॅडमनी लांबूनच पाहिलं.

"बूट बाहेर काढायची पाटी मीच लावली," डॉक्टर म्हणाले.



ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. सरांनी मऊ तळाची रुंद चप्पल दिली आणि चालणं थांबवलं.

"हे बूट टाकून द्या," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई," आबा म्हणाले.

शेवटी बूट वंदनामावशींच्या कपाटात ठेवायचे ठरले. मावशींनी लगेच कुलूप लावलं.

तीन आठवड्यांनी जखम भरली. ऑपरेशन रद्द झालं. आबांनी निघताना बूट मागितले. मावशी म्हणाल्या, "आधी चौघांच्या सह्या आणा."