निवडून आलेली माणसं

जमीलाआपा पाच वर्षं नगरसेविका होती. मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि जळगावहून आलेला प्रशासक एकटाच पालिका चालवू लागला. मोहल्ल्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागलं, तेव्हा बाया सवयीने तिच्याच दारात आल्या. ती पालिकेत गेली.

"ताई, सभागृहच नाही, तर पाइपलाइनचा ठराव कोण करणार?" प्रशासक सौम्यपणे म्हणाला.

"तुम्ही करा ना, साहेब."

"मला वरून मंजुरी लागते."

बाहेर जिन्यात इंग्रजांच्या काळातल्या पालिकेच्या पहिल्या मंडळाचा फोटो होता. मधे खुर्चीवर गोरा कलेक्टर, मागे उभे सभासद. त्यांत तिचे पणजोबा होते. लोकांनी निवडून दिलेले. हात वर करायचे ते, पण कलेक्टरने सही केली नाही की ठराव तिथेच मरायचा, असं घरात अजून सांगत. ती फोटोसमोर थोडी थांबली. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही.

घराच्या दारात बाया वाट पाहत होत्या.

"आपा, काय म्हणाले साहेब?"

"पाणी उकळून प्या," जमीलाआपा म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.