वाढलं म्हणताच उचललेली थाळी

मी एक जुनी पितळी थाळी आहे, आणि मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर कोणालाच वाटली नाही. तरी सांगते.

भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. पहिल्या दहा घावांना दुखलं. मग दुखायचं थांबलं, ते आजतागायत. तेव्हा मी इतकी लखलखीत होते, की ऑटोवाले माझ्यात बघून भांग पाडायचे. पुढे बसस्टँडजवळच्या एका भोजनालयात कामाला लागले. गिऱ्हाइकं म्हणत, "वा, पितळेची थाळी!" मग कल्हई उडाली, पोचे पडले, कौतुकही थांबलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

तिथे निकेश नावाचा वेटर होता. पाण्याचे चार ग्लास आणताना चारही बोटं पाण्यात बुडवायचा. ज्या फडक्याने खुर्ची पुसली, त्यानेच माझं तोंड पुसायचा. गिऱ्हाइकाचा घास तोंडात असतानाच डोक्यावर उभा राहून विचारायचा, "और काय आणू?" आणि जेवणाऱ्याचा हात जरा थांबला, की मला ओढून न्यायचा. मालक घनश्यामशेठ गल्ल्यावरून सारखे ओरडत, "निकेश, टेबल खाली कर!"

एका दुपारी सिहोऱ्याच्या रेवताबाई नात तृप्तीसोबत आल्या. दवाखान्यात तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं, म्हणून सकाळपासून पोटात काही नव्हतं. कवळी नवी, त्यामुळे घास हळू. चार घास झाले, वरण संपलं. पण धान पिकवणाऱ्या घरची बाई अन्नाला 'संपलं' म्हणत नाही. त्या म्हणाल्या, "वाढलं, बापा."

म्हणजे वरण संपलं, अजून आण. निकेशही धानाच्याच घरचा. त्याला हा शब्द ठाऊक, पण वाटलं, आजीचं जेवणच वाढलं, म्हणजे आटोपलं. त्याने माझ्या कडेला हात घातला.

"अवो, आजी जेवून राहिली ना! कायले उचलता?" तृप्ती ओरडली.

"आजीनंच तं सांगतलं, वाढलं म्हणून!"

"वरनाचं म्हनलं मी, बापा. भात तं आहेच ना अजून."

तोवर मालकाची हाक आलीच, "टेबल खाली कर!"

मित्रांनो, तेव्हा मी टेबलाला चिकटले. निकेशने ओढलं, मी हलले नाही. घनश्यामशेठ गल्ला सोडून आले. तुमसर गाडीचा ड्रायव्हर आला, कंडक्टर आला, जवाहरनगरला जाणारे अकरा प्रवासी आले. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार लावली. टेबल माझ्यासकट छपराला टेकलं, पण भाताचं एक शीत सांडलं नाही. रेवताबाई खुर्चीवर चढून शांतपणे जेवल्या. वरण तीनदा घेतलं. निकेशने हात जोडले.

म्हणून सांगते मित्रांनो, जेवणारा स्वतः उठेपर्यंत त्याच्या थाळीला हात लावू नका. पोटभर जेवलेल्या माणसाचा चेहरा मी त्या दिवशी...

"खोटं!" मोरीत माझ्याशेजारी पडलेला ग्लास म्हणाला. "आपल्या दोघांना निकेशनं एकाच हातानं उचललं होतं, बाई. तो भात ह्याच मोरीत सांडला. नात दुसरी थाळी मागवत होती, तर म्हातारी म्हणाली, 'नोको माय, पानावरून उठवलं मले, आता नाई बसत.' अन् तशीच उपाशी गाडीत चढली."