अर्थमंत्र्यांचं करमुक्त पासबुक

मी पासबुक बोलतोय. साधंसुधं नव्हे हो, करमुक्त बचत खात्याचं! माझ्यातल्या पैशांवर मिळणाऱ्या व्याजावर सरकार एक छदामही घेत नाही. माझ्या बाबतीत तर सरकारचं काहीच बिघडलं नाही. घ्यायला होतंच काय?

माझे मालक न्हावी. भाड्याच्या गाळ्यात दोन खुर्च्यांचं त्यांचं सलून. तो गाळा स्वतःचा करायचा, ही नवराबायकोची एकुलती एक हौस. त्यासाठीच बारा वर्षांपूर्वी बँकेच्या खिडकीत माझा जन्म झाला. "महिन्याला थोडे थोडे टाकत जा," क्लार्कबाईंनी बजावलं. मालकांनी "अगदी, अगदी" म्हणत मान डोलावली आणि खातं उघडायला लागतात तेवढे पाचशे भरले.

मग मी आरशाखालच्या खणात, कंगव्यांच्या शेजारी राहायला गेलो. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लागला की मालकांचं व्याख्यान सुरू व्हायचं. फेस लागलेला माणूस उलट बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अहो, करमुक्त! व्याजावर व्याज चढतं आणि कुणी हात लावत नाही!" असं म्हणत ते मला खणातून काढून दुरूनच नाचवायचे. उघडून मात्र कधी दाखवलं नाही. लोक त्यांना अर्थमंत्री म्हणू लागले. मालकांना तो मानच वाटला.

मालकीणबाई घरी शिवणकाम करायच्या. दर महिन्याला त्यातले पैसे मालकांच्या हातावर ठेवायच्या. "खात्यात टाकाल ना?"

"टाकलेच समज."

त्या पैशांचा कधी आरसा यायचा, कधी गिऱ्हाइकांसाठी मोठा टीव्ही. मला फार राग यायचा, पण कंगव्यांखेरीज ऐकणार कोण?

एके दिवशी गाळेवाल्यानं गाळा विकायला काढला. "पहिला हक्क तुमचा. आठवड्यात कळवा." मालकीणबाई हरखून सलूनमध्ये आल्या आणि त्यांनी मला उघडलं. आत एकच ओळ.

"नोंदी करून घ्यायच्या राहिल्यात," मालक पुटपुटले.

बाई मला घेऊन तडक बँकेत गेल्या. यंत्र बराच वेळ करकरलं. बारा ओळी उमटल्या, सगळ्या व्याजाच्या. पाचशेचे नऊशेही झाले नव्हते. बाईंनी मला मिटलं आणि पिशवीच्या तळाशी कोंबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाळेवाल्याची मुदत टळून गेली आणि पुढच्या शनिवारी एक बस ड्रायव्हर दाढीला आला. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. त्या दिवशी मात्र बोलला.

"अर्थमंत्री, गाळा मी घेतला. तुमचं ऐकून दर पगाराला टाकत गेलो. तुमचे उपकार आहेत. भाडं आहे तेवढंच द्या."

"बसा," मालक म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुकाट्यानं दाढी केली.

दुसऱ्या आठवड्यात नवराबायको दोघं मला घेऊन बँकेत आले. मालकांनी खाली मान घालून खिडकीतल्या क्लार्कला विचारलं, "मागच्या बारा वर्षांचे आता हळूहळू भरले तर?"

"तसं नाही होत, काका. दर वर्षाची ठरावीक मर्यादा असते. न भरता वर्ष गेलं की तीही गेली. आता फक्त या वर्षाचे."

मालकांचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी त्यांच्या हातात पेन दिलं. "मग या वर्षाचे भरा. आणि स्वतःचा दुसरा गाळा घ्यायला आता किती वर्षं लागतील ते मला सांगू नका. मी हिशेब केलाय. तोवर तुमचे हात चालायला हवेत."

हल्ली माझा मुक्काम त्यांच्या शिवणयंत्राच्या खणात असतो. मालकांचे केस पिकले आणि माझं दुसरं पान आत्ता कुठं सुरू झालंय. तुमच्याकडे माझं एखादं भावंड असेल, तर कृपा करून त्याचं कौतुक चारचौघांत सांगू नका. निमूटपणे भरत राहा.