बाराव्या मिनिटाला

काठाला बांधलेली असताना त्या बोटीत काही खोट सापडत नसे. रुपरावचे खरे दुखणे हेच होते. इंजिन काठावर अर्धा तास चालवून ठेवा, एका ठेक्यात चालत राही. तलावात नेऊन जोर दिला की मात्र बाराव्या-तेराव्या मिनिटाला त्याचा आवाज खाली येई, चढावर माणसाला धाप लागावी तसे ते दम टाकू लागे आणि थोड्याच वेळात बंद पडे.

अंबाझरी तलावावरची खात्याची ही डिझेल बोट रुपराव नऊ वर्षांपासून चालवत होता. पाण्याची पातळी मोजायची, कडेची जलपर्णी ओढून काढायची, कोणी बुडत असेल तर धावायचे, अशी कामे. ७४ सालच्या दिवाळीनंतर त्याचे वरिष्ठ दाणीसाहेब भोपाळच्या पाहुण्यांना घेऊन बसले आणि बोट तलावाच्या अगदी मधोमध थांबली. मासे धरणाऱ्या बळीराम ढीवराने आपल्या वल्ह्याच्या डोंगीला दोर बांधून ती ओढत आणली. बांधावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बळीराम काठावर उतरून एवढेच म्हणाला, "रुपराव, डिझेल माह्या डोंगीत टाकत जाय गा. कामी तरी येईन."

सोमवारी साहेबांनी रुपरावला बोलावून सांगितले की गुरुवारी सकाळी ते स्वतः बसतील. सांडव्यापर्यंत जाऊन परत यायचे. मध्ये बोट थांबली तर इंजिन उतरवून पाण्याच्या पंपाला लावायचे आणि रुपरावने नंदनवन वस्तीकडच्या गोदामावर पहाऱ्याला जायचे. पावसाळ्यात इंजिन खोलून दुरुस्त करणाऱ्या चंपतरावांच्या कामातच खोट असावी, असेही ते म्हणाले आणि तसे त्यांनी कागदावर लिहिलेही होते.

रुपराव वैनगंगेच्या काठचा. चालायच्या आधी पोहायला शिकलेला. गोदामात पाणी म्हणजे काय, तर प्यायचा माठ. तो तडक शहरातल्या महाल भागात गेला.

चंपतरावांचे महालात शेतीच्या इंजिनांचे दुकान होते. साठी उलटलेली, बोलणे सावकाश. साहेब आपल्या कामाला नावे ठेवतात हे त्यांनी ऐकून घेतले आणि हातातला नट पुसून डबीत टाकला. बुधवारी सकाळी सायकलरिक्षातून हत्यारांची पिशवी घेऊन ते तलावावर आले.

आल्याआल्या त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. रुपरावला समोर बसवले आणि विचारत गेले. धूर काळा येतो का? नाही, उलट कमी होतो. म्हणजे इंजिनावर ओझे जास्त नाही. बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात गवत अडकले होते का? रुपरावने बुडी मारून दोनदा पाहिले होते, पंखा मोकळा होता. डिझेल गाळायची जाळी? नवीच होती. बंद पडल्यावर परत चालू होते का?

"होते नं. डिझेल पाहतो, हँडल मारतो, का चालू. मंग परत बारा मिनिटं."

"दर खेपेले डिझेल पाहतं?"

रुपरावला या प्रश्नात काही विशेष वाटले नाही. इंजिन बंद पडले की आधी टाकीचे झाकण उघडून आत काडी घालायची, हे कोणीही करतो. दोन मिस्त्री येऊन गेले होते, त्यांनीही काठावर पहिल्यांदा तेच केले होते.

"चाल, तलावात घे," चंपतराव म्हणाले. "आन् बंद पडली का हात मांडीखाली ठेव. मी सांगतपर्यंत कायले हात लावायचा नाही."

त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून समोरच्या फळीवर ठेवले. बोट निघाली. नोव्हेंबरचे ऊन पाण्यावर पसरले होते. दहाव्या मिनिटापर्यंत इंजिन एका ठेक्यात चालले. अकराव्या मिनिटाला आवाज किंचित पातळ झाला. बाराव्याला इंजिन धापा टाकू लागले, दोनदा अडखळले आणि थांबले. बोट आपल्याच लाटेवर हलत राहिली.

रुपरावचा हात सवयीने झाकणाकडे गेला होता. चंपतरावांनी तो नुसत्या नजरेने मागे घ्यायला लावला. मग त्यांनी पान्याने जाळीजवळची नळी सैल केली आणि खाली वाटी धरली. टाकी वर, नळी खाली, आणि टाकीत अर्ध्याहून जास्त डिझेल. धार पडायला हवी होती. दोन थेंब पडले, तिसरा नळीच्या तोंडाशीच लोंबकळला.

"आता उघड झाकण. हळू. कान लाव."

रुपरावने झाकण फिरवले. आत हवा शिरल्याचा लांबट सुस्कारा आला आणि त्याच क्षणी वाटीत डिझेलची धार लागली. हा सुस्कारा त्याने याआधीही ऐकला होता. डिझेल तापल्याने तसे होत असेल, असे त्याने धरले होते.

चंपतरावांनी नळी घट्ट केली. त्यांना घाई नव्हती. तलावाच्या मध्यावर शाळा भरल्यासारखे ते बसले.

"इतवारीच्या बाजारात तेलाचा डबा घेतला का त्याले छिद्रं किती पाडतेत?"

"दोन."

"तेल तं एकातूनच येते. दुसरं काहून?"

रुपराव विचार करू लागला. एकाच छिद्राचा डबा कलता केला की तेल गुटगुट करत अडते, हे त्याने घरी शंभरदा पाहिले होते. तेल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. हवा आली नाही तर तेलही निघत नाही. त्याने हातातले झाकण उलटे केले, मग सुलटे केले. टाकीची हवा घेण्याचे बारीक छिद्र झाकणाच्या बरोबर मध्यभागी असते. तिथे शेंदराचा ठसठशीत टिळा होता.

खंडेनवमीला त्यानेच लावलेला. दरवर्षी लावत असे. झेंडूचा हार, नारळ आणि झाकणावर टिळा. पण दरवर्षी तो आठवड्यात पुसला जाई. या वर्षी घरात तिळाचे तेल संपले होते, म्हणून गोपिकाने, त्याच्या बायकोने, शेंदूर जवसाच्या तेलात कालवून दिला होता.

चंपतरावांनी टिळ्यावर नख मारून पाहिले. नख घसरले.

"जवस वाळते गा. आन् शेंदरात कालवलं का दगड. पाइपाचे जोड गळू नाही म्हणून आमी हेच लावतो. दहा-पंधरा दिवस लागले असतीन वाळाले."

दिवस जुळत होते. बोट पहिल्यांदा दिवाळीच्या सुमारास थांबली होती. काठावर इंजिनाला जोर नसे, डिझेल थोडेच लागे, म्हणून तिथे ते बंद पडत नसे. चंपतरावांनी तारेने छिद्र मोकळे केले, झाकणातून फुंकून पाहिले. मग त्यांनी बोटीला तलावाचे दोन फेरे मारायला लावले. पाऊण तासात इंजिनाने एकदाही आवाज बदलला नाही. काठावर उतरताना ते म्हणाले की साहेबाला काय सांगायचे ते रुपरावने ठरवावे, आपण आपले काम केले. आणि रिक्षात बसून निघून गेले.

त्या दिवशी रुपरावने घरी गोपिकाला काहीच सांगितले नाही. उद्या बोट चालणार होती. तो गप्प बसला तर नोकरीला धक्का नव्हता. फक्त कागदावर चंपतरावांचे नाव राहणार होते. बोलला तर ज्याने स्वतःच्या हाताने बोट बंद पाडली, त्याच्या हाती साहेब ती पुन्हा कशाला देतील?

गुरुवारी दाणीसाहेब जीपने आले. बोट सांडव्यापर्यंत गेली आणि परत आली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिले. उतरताना ते म्हणाले की ठीक आहे, मिस्त्रीने शेवटी आपली चूक दुरुस्त केलेली दिसते.

"चूक त्यायची नव्हती साहेब," रुपराव म्हणाला. "माही होती."

त्याने झाकण काढून आणले आणि सगळे सांगितले. जवसाच्या तेलापाशी आल्यावर बायकोचे नाव मात्र त्याने घेतले नाही. आपणच कालवले म्हणाला. साहेबांनी झाकण उजेडासमोर धरले. छिद्रातून आभाळाचा ठिपका दिसत होता.

मग त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली.

"चंद्रभान, दसऱ्याला आपल्या जीपची पूजा कोणी केली होती?"

"मीच जी."

"टाकीच्या झाकणाला काय लावलं?"

चंद्रभान जीपकडे चालू लागला. अर्ध्या वाटेवर त्याची चाल वाढली. साहेबांनी बोटीचे झाकण रुपरावच्या हातात दिले.

"मिस्त्रीबद्दल लिहिलेलं मी काढतो," ते म्हणाले. "तुम्ही पातळी मोजून या. दोन दिवसांचं मोजमाप राहिलं आहे."

रुपरावने झाकण बसवले, हँडल मारले आणि मोजपट्टीच्या खांबाकडे बोट वळवली.