लेन्स निघत नाही ना?

“हे पुढचं नळकांडं निघतं का हो?” ताईंनी विचारलं.

हा प्रश्न सेल्समनच्या आवडीचा असावा. त्यानं काचेच्या काउंटरवरचा मोठा कॅमेरा उचलला, हलकासा पीळ दिला आणि लेन्स सोडवून बाजूला ठेवली. “निघते ना, ताई! तीच तर मजा आहे मिररलेसची. आज ही लावा, उद्या दुसरी लावा. ओळखीत कुणाकडे ह्याच कंपनीचा असेल तर त्यांची लेन्सपण ह्याला बसते. टक्क करून.”

“टक्क करून,” ताई म्हणाल्या.

“ऐका.” त्यानं लेन्स परत बसवून दाखवली.

ताईंनी लगेच शेजारच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. “आणि ह्या छोट्याची?”

“ह्याची नाही निघत. हा कॉम्पॅक्ट. लेन्स कायमची. बंद केला की आपोआप आत जाते, बघा.”

छोट्या कॅमेऱ्यानं मुकाट्यानं तोंड आत घेतलं आणि वरून पडदाही ओढून घेतला. एवढा आज्ञाधारक जीव ताईंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्यांची पसंती तिथंच झाली.

नवरा मात्र मोठाच हातात घेऊन उभा होता. कुणीतरी क्षणभर सांभाळायला दिलेलं तान्हं मूल धरावं तसा त्यानं तो धरला होता. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर दुसऱ्यांच्या वर-खाली जाण्याची सोय करायची, संध्याकाळी ग्रीसचे हात घेऊन घरी यायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तर ‘हं’वर भागवायचं, असा त्याचा शिरस्ता. तो माणूस आज आपणहून विचारत होता, “अंधारात कसा चालतो?”

“मोठा ना? अंधारात एक नंबर. छोट्यात फोटो जरा रवाळ येतो, दाणे दिसतात.”

अंधारात? ताईंचे कान टवकारले. अंधारात कुणाचे फोटो काढायचेत ह्यांना?

कुणाचे, त्याचा अंदाज त्यांना होता. वाचनालयात दर शनिवारी फोटोची हौस असलेली मंडळी जमत. नवरा तिथली लिफ्ट दुरुस्त करायला म्हणून गेला आणि परत आला तो त्या मंडळींतला एक होऊन. हे सगळं चालवायच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मंडळींनी प्रदर्शन भरवलं तेव्हा नवऱ्याचा मोबाइलवर काढलेला एक फोटो तिथं लागला होता. जिन्यातली भिंत आणि भिंतीवर उजेडाचा एक पट्टा, बाकी काही नाही. ताई त्या फोटोसमोर उभ्या राहून भिंतीचा रंग कुठं कुठं उडालाय ते बघत होत्या, तेवढ्यात मॅडम शेजारी येऊन म्हणाल्या, “वहिनी, ह्यांची नजर फार वेगळी आहे हं.”

ताईंना नवऱ्याची नजर ठाऊक होती. समोरच्या टेबलावर पडलेला चष्मा त्या नजरेला दिसत नसे. ती वेगळी आहे, हे परक्या बाईनं येऊन सांगावं? आपल्याच कपाटातला दागिना शेजारणीनं शोधून हातात द्यावा आणि वर ‘जपून ठेवा हं’ म्हणावं, तशातली गत.

आणि ‘वहिनी’ म्हणे! ताईंनी मनात हिशोब मांडला. मला वहिनी म्हणतात, पण ह्यांना एकदाही भाऊ म्हणाल्या नाहीत. मग मी वहिनी कुणाच्या नात्यानं?

त्यावर कडी म्हणजे निघताना मॅडम नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “तुम्ही माझ्याच कंपनीचा घ्या म्हणजे झालं. माझी एक लेन्स पडूनच असते. अदलाबदल करत जाऊ.” या वाक्यातला एकेक शब्द ताईंनी सुटा करून तपासला, आणि एकही त्यांना आवडला नाही.

तपासणं हा तर त्यांचा पेशाच. त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसत. कपडा आला की आधी खिसे उलटे करायचे, मग पावती फाडायची. कोटांच्या आणि पँटींच्या खिशांतून त्यांनी इतकं काय काय काढलं होतं, जोडीनं घेतलेली सिनेमाची तिकिटं, बायकांच्या पिना, बायकोला न सांगितलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, की पुरुषजातीबद्दल त्यांचं एक पक्कं मत तयार झालं होतं. बॅगेतलं काय ते देव जाणे, पण खिशातलं आज ना उद्या बाईच्या हाती लागतं. तेव्हा कॅमेरा असलाच तर खिशात मावणारा हवा, आणि त्याची लेन्स जागची हलता कामा नये.

“छोटाच घेऊ,” ताई म्हणाल्या. “मोठ्यात धूळ जाते.”

“लेन्स बदलताना जाऊ शकते थोडीशी, पण...” सेल्समन म्हणाला.

“तेच म्हणते मी. ह्यांचं काम सगळं धुळीचं. शिवाय तो धोंडा गळ्यात अडकवून हिंडायचं म्हणजे... ह्यांची मान आधीच धरते.”

“माझी मान?” नवरा म्हणाला.

“मग काय माझी?”

“पण मॅडम म्हणत होत्या...”

“मॅडमना नसेल मानेचा त्रास.”

सेल्समननं एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. जोडीनं येणाऱ्या गिऱ्हाइकांत निकाल कुठल्या बाजूनं लागतो हे त्याला सांगावं लागत नव्हतं. त्यानं नवऱ्याच्या हातातून मोठा कॅमेरा अलगद सोडवून घेतला आणि मागच्या फळीवर ठेवला. नवरा त्या फळीकडे बघत राहिला.

“बरं,” तो म्हणाला. “तू म्हणतेस तर.”

सुरुवातीला सगळं ताईंच्या मनासारखं झालं. काही शनिवार नवरा छोटा कॅमेरा घेऊन वाचनालयात गेला, आणि मग एका शनिवारी घरीच बसला.

“आज नाही का जायचं?” ताईंनी साळसूदपणे विचारलं.

“नाही. तिथं सगळ्यांचे मोठे आहेत. लेन्सचीच बोलणी चालतात.”

ताईंनी तो शनिवार जमेच्या बाजूला लिहून टाकला. पण हिशोब जुळेना. मोठा घेतला असता तर तो शनिवारपुरता कपाटातून निघाला असता आणि संध्याकाळी परत कपाटात गेला असता. छोटा मात्र रोज सकाळी पान्याच्या आधी खिशात जाऊ लागला. कामाच्या शर्टाला डाव्या बाजूला झाकणाचा खिसा होता, नेमका छातीवर. शनिवार वाचला आणि सगळा आठवडा गेला. नवरा घरी उशिरा येऊ लागला. जेवून झालं की कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यात तोंड घालून बसू लागला, आणि एकदा तर ताईंनी त्याला त्या पडद्याकडे बघून हसताना पकडलं.

“काय एवढं?”

“काही नाही. बरा आलाय एक.”

बरा की बरी? म्हणजे आता भेटीगाठी कामाच्या दिवशी होतात तर. वाचनालयाचं निदान दार उघडं असायचं.

रविवारी दुपारी नवरा झोपला तेव्हा ताईंनी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घातला. इतक्या परक्यांचे खिसे उलटे केले, पण चोरून कधी नाही. कॅमेऱ्यानं तोंड बाहेर काढलं, पडदा उजळला आणि ताई एकेक फोटो पुढं सारू लागल्या.

पहिल्या फोटोत विहिरीसारखी खोल काळी जागा, आणि तिच्यात मजल्यामजल्यावर दाराच्या फटीतून आलेली उजेडाची उभी रेघ. दुसऱ्यात जाडजूड लोखंडी दोर, अर्धे अंधारात, अर्धे चमकत. एका फोटोत नुसतीच धूळ, उन्हात तरंगणारी. एका भिंतीवर कुणीतरी पंजा टेकवल्याचा तेलकट डाग, आणि त्याच्या कडेला ऊन. ताई पुढं जात राहिल्या. मॅडम कुठंच नव्हत्या. त्यांचा हात नव्हता, पदर नव्हता, पाठमोऱ्यासुद्धा नव्हत्या. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ताई पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या, आणि अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आता त्या स्वतःला शोधतायत.

त्याही नव्हत्या.

“उजवीकडचं बटण दाबून धर. भराभर जातात,” नवरा पलंगावरून म्हणाला. त्याचे डोळे टक्क उघडे होते.

“मी खिसा रिकामा करत होते. धुवायला.”

“तो धुतलेलाच आहे.”

ताई पलंगाच्या कडेला टेकल्या. चोरी पकडली गेलीच आहे तर विचारून घ्यावं. “हे सगळं काय आहे?”

“शाफ्ट. लिफ्ट ज्यातून फिरते ते.”

“आणि माणूस? एवढे फोटो, त्यात एक माणूस नाही?”

नवऱ्यानं उशी डोक्याखाली नीट ओढून घेतली. “माणूस आला की उजेड अडतो,” तो म्हणाला. मोटर जळालीय असं सांगताना जसा आवाज असतो तसाच आवाज. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, तिच्यात खोड काढता आली असती. भिंतीवरच्या उन्हाला कुठल्या तोंडानं नावं ठेवायची?

“दाणे आलेत,” त्या म्हणाल्या.

“येतात.”

“मोठ्यात नसते आले.”

“नसते.” नवरा कुशीवर वळला. “तुला मॅडमची ती लेन्स नको होती ना?”

“कुठली लेन्स?”

“जाऊ दे.”

त्याच आठवड्यात मॅडम एक कोट घेऊन दुकानात आल्या. ताईंनी नियमाप्रमाणे खिसे उलटे केले. जरा जास्तच मन लावून केले. आत रंगीत पेन्सिलचं एक बोटभर थोटूक निघालं, तेवढंच.

“वहिनी, बरं झालं भेटलात,” मॅडम म्हणाल्या. “तो छोटा कॅमेरा तुम्ही निवडलात म्हणे?”

“धूळ जाते मोठ्यात,” ताई पावती फाडत म्हणाल्या.

“मी उगाच मोठ्याचा हट्ट धरत होते बघा. ते परवा वाचनालयाची लिफ्ट बघायला आले होते, तेव्हा फोटो दाखवले. अहो, आम्ही सगळे गळ्यात मोठमोठे कॅमेरे घालून झाडांचेच फोटो काढतोय! तिथं शाफ्टमध्ये दोन्ही हात कामाला लागतात, मोठा कोण नेणार? तुम्ही माणूस बरोबर ओळखलात.”

ताईंच्या आयुष्यात इतकी खोटी रक्कम कधी जमेला पडली नव्हती. ती परत करायची तर सगळी वहीच उघडावी लागली असती. त्यांनी कोटावर चिठ्ठी टाचली. टाचताना पिन बोटात गेली.

“मी म्हटलं त्यांना, मला एकदा न्या, ती जागा दाखवा,” मॅडम सांगत होत्या, “तर सरळ नाही म्हणाले. बाहेरच्या माणसाला शाफ्टपाशी नेता येत नाही म्हणे.”

“नसेलच येत,” ताई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना मॅडमकडे बघून हसता आलं.

रात्रीची भांडी आवरायच्या आतच त्यांनी नवऱ्याला गाठलं. “मला घेऊन चला.”

“कुठं?”

“तिथं. त्या रेघा आहेत तिथं.”

“बाहेरच्यांना...”

“मी बाहेरची आहे?”

“डबा घेऊन ये उद्या,” तो म्हणाला. “कुणी विचारलं तर डबा द्यायला आले म्हण.”

इमारत जुनी होती. शेवटच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं ठेवलेलं होतं आणि समोर लोखंडी जाळी आडवी लावलेली. ताई जिना चढून धापा टाकत जाळीपाशी आल्या. खाली, कमरेइतक्या अंतरावर, लिफ्टच्या टपावर नवरा उभा होता.

“आत वाकायचं नाही. दिसतंय का?”

“काळं दिसतंय सगळं.”

“तू मधे उभी आहेस. मागच्या खिडकीतून ऊन येतं. जरा डावीकडे सरक.”

ताई सरकल्या. त्यांच्या खांद्यावरून ऊन आत शिरलं, दोरांवरून घसरत गेलं आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन टेकलं. ग्रीस मधासारखं दिसायला लागलं. लिफ्ट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून खाली, खोल, मजल्यामजल्याची रेघ उभी होती. मॅडमनी हे पाहिलेलं नाही, हा विचार ताईंच्या मनात आधी आला, आणि तो गोड लागला. मग त्यांनी हे नवऱ्याला सांगावं म्हणून खाली बघितलं.

तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. मान किंचित कलती करून तो भिंतीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते ताईंनी एवढ्या संसारात पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, मुलगी झाली तेव्हा नाही. तो चेहरा होता कुठं इतके दिवस?

“अजून थोडी,” तो न बघताच म्हणाला. “सावली येतेय तुझी.”

ताई आणखी सरकल्या, भिंतीला पाठ लागेपर्यंत. त्यानं खिशातून कॅमेरा काढला, हात हलू नये म्हणून एका लोखंडी पट्टीवर टेकवला आणि वाट बघत राहिला.

तेवढ्यात जिन्यातून पावलं वाजली. सामानाच्या पिशव्या घेतलेला एक माणूस वर येत होता. आणखी दोन पायऱ्या चढला असता तर खिडकीतल्या उन्हाच्या आड आला असता.

“काय हो, अजून बंदच का लिफ्ट?”

ताईंनी हात आडवा केला. “थांबा तिथंच.”

“का? करंट आहे की काय?”

“करंट नाही. काम चाललंय त्यांचं.”

तो माणूस कुरकुरत पायरीवर थांबला आणि त्यानं पिशव्या खाली ठेवल्या. ताईंनी ओढणी गोळा करून मुठीत धरली, पोट आत ओढलं, आणि शाफ्टमधून “झालं” असं ऐकू येईपर्यंत हात तसाच आडवा ठेवला.